बेबीबाईचा पाचवा भाग

बेबीबाईला वाचता येत नाही. तरी पंचवीस वर्षांच्या नोकरीत पुस्तकावर तिच्याइतका जीव लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिची गोष्ट नुसत्या कौतुकानं सांगता आली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी शेलूबाजारच्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गात मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे. त्यात मी स्वतः जमवलेली, सातवी-आठवीच्या पुढच्या मुलांनी वाचावीत अशी पुस्तकं असतात. जादूची राज्यं, उडणारे प्राणी, घर सोडून निघालेल्या मुली, असली पुस्तकं मला या वयातही आवडतात. स्टाफरूममधले लोक त्यावरून हसतात, हसोत. निता आठवीत असताना त्या कपाटातून ‘काचेतल्या नद्या’ या मालिकेचा पहिला भाग घरी घेऊन गेली. गावापासून चार किलोमीटरवरच्या तांड्यावर तिचं घर. वडील भाऊसिंग, आई बेबीबाई. दोन एकर कोरडवाहू, आणि दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला खाली कारखान्यावर जाणार ते होळीला परतणार. निताला त्यांनी शिकायला वसतिगृहात ठेवलं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बेबीबाई जायची बांधाबांध करत होती आणि निता उंबऱ्यावर बसून वाचत होती. वाचता वाचता हसली.

‘‘काय झालं वं?’’ बेबीबाईनं विचारलं.

‘‘काही नाही याडी. इथं एक जनावर हाय, त्याले पंख हायेत अन् ते उडायले भेते.’’

‘‘मंग पंख कायले दिले त्याले?’’

तिथून सुरुवात झाली. घरात त्यांची बोली गोरमाटी, बंजाऱ्यांची. निता पुस्तकातलं मराठी वाक्य डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं गोरमाटीत सांगायची. (ती बोली मला लिहिता येत नाही, म्हणून मायलेकींचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत देते आहे; ‘याडी’, म्हणजे आई, एवढा शब्द तसाच ठेवलाय. बेबीबाई माझ्याशी वऱ्हाडीतच बोलते.) गोष्ट अशी की एका राजानं देशातल्या सगळ्या नद्या काचेच्या बरण्यांत कोंडून ठेवल्यात. मिठाची ने-आण करणाऱ्या लोकांतली तारिणी नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्या सोडवायला निघते. बरोबर ते भित्रं, म्हातारं, पंखांचं जनावर, भुरक्या.

मिठाची ने-आण म्हटल्यावर बेबीबाईनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. ‘‘हे तं आपलेच लोक हायेत! आपले आजे-पणजे बैलावर मीठ वाहत होते. हे कोनं लिवलं? त्याले कसं मालूम?’’

तिचे प्रश्न थांबत नसत. भुरक्याला चारा काय देतात? पावसात पंख भिजल्यावर तो वाळवतो कुठं? तारिणीच्या आईनं तिला एकटीला जाऊ दिलंच कसं? निताला उत्तरं येत नसत. मग सुट्टी संपल्यावर ती ते प्रश्न घेऊन माझ्याकडे यायची. मलाही येत नसत. भाऊसिंगनं आधी थट्टा केली, पण तिसऱ्या दिवशी तोही चिलीम घेऊन जवळ येऊन बसला, असं निता सांगायची.

ते कारखान्यावर गेले आणि गोष्ट अर्धी राहिली. तेव्हा बेबीबाईनं आपला मार्ग काढला. दर रविवारी दिवेलागणीला वसतिगृहाच्या अधीक्षक मॅडमच्या फोनवर तिचा फोन येई. तिकडे उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या असत. बाया चुलीवर भाकरी थापत बसलेल्या. मधोमध एका पालथ्या पातेल्यावर बेबीबाईचा साधा फोन, स्पीकर लावलेला. इकडून निता एक प्रकरण सांगायची. मधेच तिकडून आवाज यायचा, ‘‘थांब थांब, तुळसाबाईची भाकर जळली,’’ आणि सगळ्या हसायच्या. ज्या दिवशी फोन लागत नसे त्या दिवशी बेबीबाई मागची गोष्ट पुन्हा सांगायची, त्यात आपलं थोडं घालून. दुसरा भाग, तिसरा भाग असे दोन हंगाम गेले. मी नवा भाग आणला की आधी निताला द्यायचे. वर्गातली बाकीची मुलं रुसायची.

चौथा भाग निता दहावीत असताना आला. त्याच्या शेवटी तारिणी काचेच्या बुरुजात अडकलेली आणि भुरक्या, एक पंख मोडलेला, दरीत पडलेला. तिथंच पुस्तक संपलं. बेबीबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही, असं भाऊसिंगनं मला स्वतः सांगितलं. ‘‘म्या म्हणलं, अवं, पुस्तकातलं जनावर हाय ते. तं माह्यावरच चिडली.’’

दहावीनंतर निता वाशिमला कॉलेजात गेली. खोलीत वैभवी नावाची एक मुलगी आणि आणखी दोघी होत्या. एकदा आईनं फोनवर म्हटलं, नवीन बाया आल्यात कोपीवर, त्यांना सुरुवातीची गोष्ट सांग. निता खाटेवर बसून गोरमाटीत सांगत होती. फोन ठेवून वळली तर तिघी हसत होत्या. एकीनं दोन्ही हात पंखांसारखे हलवले आणि निताच्या तोंडचे दोन शब्द वेडेवाकडे करून म्हणून दाखवले. वैभवीनं विचारलं, ‘‘तुझी आई काय बारा वर्षांची आहे का गं?’’

त्या मुली वाईट नव्हत्या. वैभवी पुढं निताची जवळची मैत्रीण झाली. पण त्या संध्याकाळनंतर निता आईचा फोन आला की जिन्यात जायची, मग गच्चीवर, आणि मग ‘‘अभ्यास हाय’’ म्हणून दोन मिनिटांत ठेवायची.

पुढच्या उन्हाळ्यात पाचवा भाग आला. शेवटचा. मी निताला निरोप धाडला. ती आली, पुस्तक घेऊन गेली, तिसऱ्या दिवशी परत केलं.

‘‘आईला सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘सांगते मॅडम.’’

मी ते खरं मानलं. तांडा चार किलोमीटरवर. गाडीनं दहा मिनिटं. मी कधी गेले नाही.

निता आईला म्हणाली होती, ‘‘तो भाग निघालाच नाही याडी. लिवणाऱ्यानं लिवलाच नाही.’’

तिनं मला नंतर सांगितलं की हे बोलताना तिला वाटलं, सुटले. आई थोडे दिवस विचारेल आणि विसरेल. पण बेबीबाई विसरली नाही. दर हंगामात जाण्याआधी आणि आल्यावर ती विचारायची, ‘‘लिवलं का वं त्यानं?’’ आणि निता म्हणायची, ‘‘नाही अजून.’’ एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा तेच बोलायला काही लागत नाही. अशी चार वर्षं गेली. निता शिकून वाशिमलाच एका लॅबमध्ये रक्ततपासणीच्या कामाला लागली.

त्या चार वर्षांनंतरच्या एप्रिलमध्ये, बाजाराच्या दिवशी, बेबीबाई शाळेत आली. मी परीक्षेचे पेपर बांधत होते. ती दाराशीच उभी राहिली.

‘‘या ना, बसा,’’ मी म्हटलं.

‘‘बसत नाही. एक इचारू का मॅडम? त्या पुस्तकवाल्याची तब्येत कशी हाय?’’

‘‘कुठल्या पुस्तकवाल्याची?’’

‘‘तो नद्यायचं लिवते तो. लय दिवस झाले, काही लिवलं नाही त्यानं. मले वाटते आजारी असन. नाही तं बाई असन अन् लेकराबाळात गुंतली असन. तिकडं कोपीवर बाया मले इचारतात. मी सांगते, धीर धरा. दर सोमवारी मी त्याच्या नावानं उदबत्ती लावते. तुमची कुठं वळख असन तं फोन करून पाहा त्याले.’’

मी हसून म्हटलं, आणि हे हसणं मला अजून आठवतं, ‘‘अहो बेबीबाई, पाचवा भाग येऊन चार वर्षं झाली! निता तर तेव्हाच वाचून गेली.’’

तिचा चेहरा बदलला नाही. हातातली पिशवी तिनं फक्त या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, ‘‘हाव हाव. सांगतलं होतं तिनं. मीच इसरली. उनात काम करून करून डोकं नाही राह्यलं.’’

तेव्हा मला कळलं की काय झालंय. मी उठले, कपाटातून पुस्तक काढलं. ‘‘बसा. मी वाचून दाखवते. आत्ता सुरू करू. रोज या.’’

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. मुखपृष्ठावर बुरूज होता, त्यावर बोट फिरवलं. ‘‘नको मॅडम. तुमी मराठीत वाचसान. ते लोक आमच्या बोलीत बोलत होते.’’ जाताना वळून म्हणाली, ‘‘निताले नका सांगू मी आली होती म्हणून.’’

मी कबूल झाले. निताला फोन करून खडसावावं असं दहादा मनात आलं. पण शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर तो शब्द मला सोयीचाही होता. मायलेकींच्या मधे कोण पडतं!

त्या वर्षीच्या हंगामात, कारखान्यावर, बेबीबाईनं बायांना पाचवा भाग सांगितला. स्वतःचा. सलग चार संध्याकाळी. हे मला पुढं तुळसाबाईकडून कळलं.

त्यानंतर एक वर्ष गेलं. गेल्या होळीला तांडा भरलेला होता, सगळे परत आले होते. निता वाशिमहून आली ती पाचही भागांचा नवा संच घेऊन. तिला आता त्या जुन्या लाजेची लाज वाटत होती. लॅबमध्ये सुई पाहून रडणाऱ्या मुलांना ती भुरक्याची गोष्ट सांगायची. त्यातूनच तिला आई आठवायला लागली, असं ती म्हणाली. बेबीबाई अंगणात सुपात तूर पाखडत होती. निता तिच्यासमोर बसली.

‘‘याडी, पाह्य. निघाला पाचवा भाग.’’

बेबीबाईनं सूप थांबवलं. ‘‘कवा निघाला?’’

‘‘आताच.’’

‘‘आताच?’’

‘‘हाव. या महिन्यात.’’

बेबीबाईनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, ‘‘ठेव घरात,’’ आणि पुन्हा पाखडायला लागली.

निताला वाटलं, आईचं वय झालं, आवड गेली. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली आणि हेच बोलली. ‘‘मॅडम, तिनं हातबी नाही लावला पुस्तकाले.’’ तेव्हा मात्र मी शब्द मोडला. सगळं सांगितलं. निता माझ्यासमोरच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, ‘‘म्हणजे काल तिनं मले दोनदा इचारलं, ते...’’ आणि उठून उभी राहिली. मी तिला गाडीवर बसवून तांड्यावर सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेले.

बेबीबाई चुलीपाशी होती. निता दारातच म्हणाली, ‘‘मी खोटं बोलली याडी. तवाबी अन् कालबी.’’

‘‘मालूम हाय मले.’’

‘‘मंग बोलली काहून नाही तू?’’

‘‘तू सांगशीन म्हणून थांबली.’’ ती मराठीतच बोलत होती, मी तिथं होते म्हणून. ‘‘तुले माही लाज वाटली, ते समजते मले. मलेबी तुह्या शाळेत यायची लाज वाटे, कोनी काही इचारलं तं? त्याचं काही नाही. पन मी त्या मानसाची काळजी करत राह्यली वं. चार वर्सं. तो बरा होता. चांगला होता.’’

निता रडायला लागली. बेबीबाईनं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. मला चहा दिला. राग कुठंच नव्हता. निता डोळे पुसून म्हणाली, ‘‘आता सांगते तुले. पयल्यापासून सांगते, आपल्या बोलीत. बस.’’

‘‘नको माय. माह्यावाला पाचवा भाग झाला सांगून.’’

‘‘मंग तुह्यावाला सांग मले.’’

बेबीबाईनं मान हलवली. ‘‘ते तिकडं सांगतलं. एकदाच येते ते. आता मले जमनार नाही.’’

यात अढी नव्हती. तिला खरंच जमत नव्हतं. निताच्या समाधानासाठी तिनं एकदा प्रयत्न केलेला मी पाहिला. ‘‘तवा तारिणी बुरजात होती,’’ इतकं म्हणाली आणि ‘‘नाही येत बाई,’’ म्हणून उठून गेली.

मग निता तांड्यातल्या बायांकडे गेली. तुळसाबाई म्हणाली की नद्या सुटल्या आणि राजा वाहून गेला. हेमसिंगच्या बायकोला आठवत होतं की राजाला कोणी मारलं नाही, त्याला मीठ वाहायला लावलं. तिसरी म्हणाली, ‘‘आमी सगळ्या रडलो होतो एवढं ध्यानात हाय. काहून रडलो ते नाही सांगता येत.’’ निता वही घेऊन गेली होती. त्यात पान-दीड पान भरलं, आणि दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. छापलेला शेवट मी वाचला आहे, ठीक आहे, पण त्यात मीठ वाहणारा राजा नाही.

यंदा भाऊसिंगचे गुडघे दुखतात म्हणून ते ऊसतोडीला गेले नाहीत. निता दर पंधरा दिवसांनी घरी येते. मायलेकी बोलतात, हसतात, निताच्या लग्नाचा विषय निघतो, भांडतातही. मी अधूनमधून जाते. मागच्या वेळी निता शेजारच्या लेकरांना गोळा करून पहिला भाग सांगायला बसली होती, गोरमाटीत, हात हलवून. बेबीबाई तिथंच लसूण सोलत होती. थोडा वेळ तिनं ऐकल्यासारखं केलं. मग सोललेल्या पाकळ्या ताटलीत घेऊन ती आत गेली, आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला पीठ मळू लागली.