इंजिनावरचं ब्लँकेट आणि आमचा शालिक

शालिक आगीत मेला नाही.

हे आधी नीट वाचून घ्या. कारण अजूनही लोक तसंच सांगत फिरतात.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मोबाइलवर त्याचेच फोटो येत आहेत. खाली जोडलेले हात. "दिलदार माणूस." "लाइनची शान." वाचून वाचून माझं बीपी वाढलं, म्हणून लिहायला बसलो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलं तर समजून घ्या.

शालिक माझा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, सिहोऱ्याच्या. तो नाकाडोंगरीकडून तुमसरला मँगनीजचा ट्रक चालवायचा. माझं त्याच रस्त्यावर, वजनकाट्याजवळ पंक्चरचं दुकान होतं.

ट्रक शेठचा, जुना. इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हरच्या मांडीला लागून.

इंजिनाचा जळता धूर ज्या लोखंडी नळ्यांतून बाहेर जातो ना, ते मॅनिफोल्ड मे महिन्यात असं तापायचं की शालिक पायाखाली ओलं पोतं टाकून गाडी चालवायचा. तरी तळपाय भाजायचे.

शेवटी शेठनं नागपूरहून ब्लँकेट आणलं. काचेच्या धाग्याचं, वरून चंदेरी. मिस्त्रीनं ते मॅनिफोल्डवर गुंडाळून तारेनं आवळलं. जाताना एकच गोष्ट बजावली, याला तेल लागू द्यायचं नाही. तेल प्यायलं की त्याची वात होते.

केबिन खरंच थंड झाली. शालिक खूश.

"साडभाऊ, इंजिन आता पांघरून घेऊन झोपते," म्हणाला.

मला मात्र त्या दिवसापासून घोर लागला. माझा स्वभावच तसा. घरचे म्हणतात, यांना काळजी करायला काही नसलं तर हे शेजारून मागून आणतील.

आता काट्यावरची रीत सांगतो. वजनासाठी ट्रकांची लाइन लांब असायची. जी गाडी सगळ्यात पुढे, तिच्या मॅनिफोल्डवर सगळ्या ड्रायव्हरांचे डबे गरम व्हायचे. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कुणी मोडायचंही नाही.

ब्लँकेट लागलं आणि शालिकची गाडी पुढे असली की सगळे थंडी भाजी गिळायचे. मग टोमणे सुरू.

"शेठनं तुले गाडीची शाल देली अन् आमची चूल इझवली बे."

हसत म्हणायचे. पण शालिकला लागायचं. तो कुणाला उपाशी पाहू न शकणारा माणूस.

एक दिवस पाहतो तर यानं केबिनमधलं इंजिनाचं बॉनेट उघडलं होतं. तार सैल करून ब्लँकेट बाजूला सारलेलं, आणि वर डब्यांची रांग. सैल झाकणांचे जर्मनचे डबे. वांग्याची भाजी, लाखोळीची डाळ, कुणाचा मासोळीचा रस्सा. उकळी आली की तर्री खाली, ब्लँकेटवर. जेवणं झाली की हा तेच परत गुंडाळायचा.

मी रोज भांडायचो. तेल लागून राहिलं ना, मिस्त्री काय म्हणाला होता?

"ते डिझेलचं म्हणे बाप्पा. भाजीच्या तेलाचं थोडी म्हणे."

आणि बाकीचे खो खो हसायचे. माझ्यावर.

व्हायचं तेच झालं. भर दुपारी भरलेली गाडी चढावर होती, आणि ब्लँकेट धुमसता धुमसता पेटलं. शालिकनं गाडी बाजूला घेतली, उतरून माती टाकून आग विझवली. वायरिंग जळालं, सीट जळाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

पण शेठ म्हणाला, हा पिऊन होता, बिडी टाकली असेल.

गाडीवरून उतरवलं. आणि ही गोष्ट अशी पसरली की दुसरा कुणी मालक स्टिअरिंगला हात लावू देईना.

मी शेठकडे गेलो. डब्यांचं सगळं सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तू त्याचा साडू, तुझं कोण मानन? लाइनीतला एक ड्रायव्हर घेऊन ये. एक. त्यानं सांगितलं तर उद्या गाडी देतो."

एक!

मी प्रत्येकाच्या घरी गेलो. चहा सगळ्यांनी पाजला. एक म्हणाला, पुढच्या आठवड्यात पाहू. एक म्हणाला, मी तर घरूनच जेवून निघत होतो. एकानं सरळ विचारलं, "आमचं नाव कायले घेता भाऊ?"

शालिकला सांगितलं तर माझ्यावरच चिडला. "काहून फिरून राहिले तुम्ही? उद्या त्यायचे मालक त्यायलेबी उतरवतीन. जाऊ द्या."

जाऊ द्या म्हणाला, आणि स्वतः ओसरीत बसून राहिला. रस्त्यानं ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुणाची गाडी, कितव्या गिअरमध्ये. मग तेही सांगणं बंद केलं. जेवण सुटलं. एक दिवस ओसरीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मयतीला सगळी लाइन आली होती. खांदाही दिला. तेव्हा मी गप्प राहिलो, बहिणीबहिणी रडत होत्या.

आज गप्प राहणार नाही.

शेठजी, तुम्हीही हे वाचाल. शालिक त्या दिवशी प्यायलेला नव्हता. बिडी त्यानं जन्मात ओढली नाही.

आणि सकाळपासून हात जोडणाऱ्यांनो, ते हात काढून घ्या. त्या जागी एवढंच लिहा, "माझाही डबा होता." खाली आपलं नाव टाका. आता भ्यायचं काय आहे? निम्म्यांनी गाडी सोडली, बाकीच्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत.

त्याच्या पोरीला वाचू द्या.

शालिक, तुझ्यासाठी एक माणूस आणू शकलो नाही रे.

अखेरचा जय भीम.