जिराफाला आग्रह

माझ्या सासूबाईंच्या हातून आजवर कुणी उपाशी सुटलेलं नाही. भूक नसलेले तर मुळीच नाहीत. त्यांच्या मते पहिला ‘नको’ हा संस्कार असतो, दुसरा लाजाळूपणा, आणि तिसरा येईपर्यंत पानात पोळी पडलेली असते. पुण्यात हे शास्त्र बरं चाललं. इथे परदेशात, फ्लॅट बुशला आमच्याकडे आल्या आणि शास्त्राचं दिवाळं निघालं. बायको साखर सोडून बसलेली, लेक ‘आजी, आयॅम फुल’ म्हणत खोलीत पसार, आणि मी, आरशासमोर पोट आत ओढून स्वतःवर खूश होणारा जावई, वाटीवर पालथा हात ठेवून तयार! शेवटी त्यांनी कुरिअरवाल्याला दारातच थालीपीठ खायला घातलं. बिचारा ‘किया ओरा’, म्हणजे इथला नमस्कार, एवढंच म्हणाला होता. तुपाचे ठसे उमटवून पार्सल देऊन गेला.

“परत जायच्या आधी एकानं तरी ‘अजून वाढा’ म्हणावं, एवढंच,” त्या म्हणायच्या.

शेवटच्या रविवारी त्यांना जिराफ दाखवायला अभयारण्यात नेलं. पर्समधून बेसनाचा लाडू निघाला. तिथल्या कर्मचारी मुलीने तो हसत परत ठेवायला लावला आणि पाल्याच्या फांद्या दिल्या. “नुसता पाला? शत्रूलाही वाढू नये असं!” सासूबाई पुटपुटल्या.

“आई, हात लांब ठेवा,” असा तज्ज्ञ सल्ला देत मीच आधी पुढे झालो. विजेच्या खांबाएवढी मान खाली आली, काळपट निळी जीभ माझ्या मनगटाभोवती गुंडाळली गेली, आणि मी फांदी टाकून, किंचाळत, एका बाबागाडीच्या आड जाऊन उभा राहिलो. गाडीतलं बाळ शांत होतं.

“जावईबापू, वाढणाऱ्यानं असं पळायचं नसतं.”

त्यांनी पदर खोचला. जिराफाने मान फिरवली. “असू दे, लाजतोय.” पुन्हा फिरवली. “अरे, एवढीशी तर आहे! माझ्यासाठी.” तिसऱ्यांदा मात्र त्याने सगळा पाला ओरबाडून खाल्ला आणि त्यांच्या रिकाम्या हातापाशी तोंड आणून थांबला.

सासूबाई आमच्याकडे वळल्या. चेहरा खटला जिंकलेल्या वकिलाचा. डोळे मात्र भरलेले.

“बघा. मागतोय.”

आता त्या पुण्यात असतात. फोनवर आधी त्याची चौकशी होते, “जेवतो ना नीट?”, मग वेळ उरला तर माझी. परवा जेवताना लेकीने आमटीचं भांडं पुढे केलं. सवयीने मी म्हणालो, “नको.”

“स्वीट अ‍ॅज, नको तर नको,” म्हणत ती भांडं उचलून घेऊन गेली.

कुणीतरी पुन्हा विचारेल म्हणून मी वाटीवरचा हात काढून ठेवला होता.