पीयूषचं पित्तर

पवनारच्या नलूकाकूंनी तीन वर्षं लेकाचं पित्तर घातलं नव्हतं. भाद्रपदात गल्लीतल्या घराघरांतून उडदाच्या वड्यांचा वास यायचा. पित्तर म्हणून बोलावलेला माणूस पाटावर बसून गेलेल्याच्या नावानं जेवायचा. काकूंच्या घरी मात्र त्या दिवशीही भाकर आणि वांग्याची भाजी. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "त्याले त्या गोळ्यांत कोनं धाडलं, ते आधी मले समजू द्या."

पीयूष त्यांचा एकुलता एक मुलगा. धाम नदीच्या काठी दोन एकरांत वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणाऱ्या घरातला. बोलायला कमी आणि घाईचा. जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे. फौजेत हेलिकॉप्टरचा पायलट झाला, तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं की तो विमानात चहा देतो. त्यानं कोणाला समजावलं नाही. सुट्टीत आला की बापासोबत पहाटे भाजी तोडायचा आणि लुना काढून सेलूच्या बाजारात जायचा.

सीमेवरच्या डोंगरात जखमी जवानांना खाली आणताना त्याला गोळी लागली. घरी आलेल्या अधिकाऱ्यांनी शौर्य, कर्तव्य, बलिदान असं बरंच काही आदरानं सांगितलं. धाडलं कोणी, ते काकूंना त्यात सापडलं नाही. मग त्यांनी मनातच एक मोठा साहेब उभा केला. तो खोलीत बसला होता, त्याच्या हातात फोन होता आणि त्यानंच त्यांच्या पोराला पाठवलं होतं. भाजीत वाकून निंदण करताना त्या त्याला शिव्या द्यायच्या. त्या रागावरच त्यांची तीन वर्षं निघाली.

यंदा त्यांच्या नवऱ्यानं, लक्ष्मणकाकांनी, त्यांना न विचारता पित्तर सांगून टाकलं. आमच्याच जिल्ह्यातल्या रोहण्याचा प्रफुल्ल, पीयूषच्या वेळेस तिथं असलेला जवान. काकांना एवढंच माहीत होतं. शेजारी म्हणून मी मदतीला गेलो होतो. काकू चुलीपुढे होत्या. त्यांनी वडे थापले, पण नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

प्रफुल्ल आला. रिवाजाप्रमाणे काकांनी पाय धुवायला तांब्या उचलला, तेव्हा त्यानं पँट वर केली. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता.

"एकच धुवा काका," तो म्हणाला. "दुसरा सरकारी आहे, गंजते."

त्याला पाटावर बसता येईना, म्हणून मी खुर्ची आणली आणि पाट तिच्यासमोर ताटाखाली ठेवला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुले ठाऊक आहे? कोनं धाडलं त्याले?"

काका म्हणाले, "अवं, जेवू तं दे त्याले."

"तुमी चूप राहा. मी त्याले विचारून राह्यली."

प्रफुल्ल खाली बघत बोलू लागला. "आमी तिघं पडलो होतो, काकू. पीयूष सायेब हेलिकॉप्टर घेऊन आले. मलेई चढवलं, पन वजन जास्त झालं, म्हनून मले उतरवलं. मी 'माय वं' म्हनून वरडलो. तं सायबांनं वळून पाह्यलं. म्हनले, कुठचा रे तू? मी म्हनलं, रोहण्याचा. ते म्हनले, 'मी पवनारचा. थांबजो, येतो मी.'"

डोंगरावर हवा विरळ असते. तिथं हेलिकॉप्टरला खाली सपाटीवर उचलतं तेवढं वजन उचलता येत नाही. एका माणसाचं ओझंही जड पडतं.

"मंग?" काकूंनी विचारलं.

"मंग गोळ्या वाढल्या. जाचं का थांबाचं, ते सायबांवरच सोडलं होतं. त्यायनं सोबतच्या पायलटले खालीच ठेवलं, वजन कमी व्हावं म्हनून. अन् एकटेच आले."

"लुनावर पोतं असलं का पुलाच्या चढावर मले उतरवे तो," काका पुटपुटले. "म्हने, बाबा, तुमी पायी या."

"मले चढवलं अन् निघताना त्यायले गोळी लागली. मले समजलंच नाई. अजिबात हलू न देता खाली आनलं. हेलिकॉप्टर बरोबर खुणेवर उतरवलं. पंखा बंद केला. मंग उठलेच नाई."

काकू दारातून पुढे आल्या.

"म्हंजे कोनंच धाडलं नाई?"

"नाई, काकू. माह्यासाठी आले."

त्या आत गेल्या. कढी उतू जाऊन चुलीवर चरचरली, पण भांडं उतरवल्याचा आवाज आला नाही. काका उठणार, तेवढ्यात त्या ताट घेऊन बाहेर आल्या. वडे, कढी, खीर, गवारीची भाजी. ताट पाटावर ठेवून त्या तिथंच खाली बसल्या.

"'थांबजो' म्हनला, तवा हासला होता का तो?"

त्यांना बरं वाटेल असं उत्तर प्रफुल्लला देता आलं असतं.

"नाई, काकू. घाईत होते."

"हो," काकू म्हणाल्या. "घाईतच राहे."

काकांनी गोवरीचे निखारे समोर आणले. पित्तरानं घास घेण्याआधी निखाऱ्यांवर आगारी टाकायची असते, गेलेल्याच्या नावाचा घास. काकूंनी वड्याचा तुकडा आणि थोडी खीर ठेवली, वरून तूप सोडलं. नाव मात्र काकांनी घेतलं. धूर थेट काकूंच्या तोंडावर आला, तरी त्या मागे सरकल्या नाहीत.

"जेव आता," त्या प्रफुल्लला म्हणाल्या. "पोटभर जेव. पन पुढच्या साली येऊ नोको, बाप्पा. तुले पाहून मले रागई करता येत नाई अन् मायाई लावता येत नाई."

प्रफुल्लनं मान हलवली आणि वडा मोडला. तो शेवटच्या घासापर्यंत जेवला. काकू समोर बसून वाढत राहिल्या.