आज नेऊ नका!

मंडळी, आज बालीगंजच्या बाजारात नेहमीच्या भाजीवालीने मला भेंडी घेऊच दिली नाही. "मासीमा, जून आहे. आज नेऊ नका!"

मी आधी फणकारले, मग आई आठवली. सत्तरच्या दशकात डमडमजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावरचं गवत वाळवून ती एका बिहारी गवळ्याला विकायची. एकदा भारे भिजले, तर तिने त्याला परतच पाठवलं. "तुमची गाय गाभण आहे. हे बुरसलेलं गवत नको."

बाबा चिडले, "एकुलतं एक गिऱ्हाईक घालवलंस!"

गाय व्यायली आणि गवळी दारात हजर! हातात चिकाचा लोटा. "भाभीजी, बछिया हुई है. पहला दूध आपके घर."

खरवस बाबांनीच दोनदा मागून घेतला.

रिकाम्या पिशवीने परत पाठवणारं असं हक्काचं माणूस तुमच्या बाजारात आहे का?