दादाच्या संघाचा जोश

तिरोडा रोडवर मोटरसायकल घसरली आणि माझ्या दादाचा उजवा पाय गुडघ्यातून गेल्यासारखाच झाला. काठी घेऊन अंगणापर्यंत यायचा, त्यापुढे नाही. कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा माणूस सव्विसाव्या वर्षी गोंदियाजवळ मुर्रीच्या घरात भिंतीला टेकून बसून राहिला. मी तेव्हा गोंदियात एका एक्स-रेवाल्याकडे रिपोर्ट टाइप करायची. शेजारी नेट कॅफे होता. तिथेच मला तो खेळ सापडला, आणि दादासाठी मीच हा नसता उपद्व्याप घरी आणला.

खेळ असा, की इंटरनेटवर तुमचा बास्केटबॉलचा एक संघ. खेळाडू खोटे, पण समोरच्या संघाचा मालक खरा, कुठल्यातरी देशात बसलेला. अशा संघांची एक लीग, आणि सामना कॉम्प्युटरच खेळवायचा. आपण आधी फक्त सांगून ठेवायचं: कोण खेळणार, आणि किती जोर लावणार. हलकेच, नेहमीसारखं, की जीव तोडून. खरी मेख इथेच होती. जीव तोडून खेळवलं की संघाचा जोश उतरायचा, हलकेच खेळवलं की साठत जायचा. म्हणून किरकोळ सामन्यात हातचं राखायचं, हरलो तरी चालेल, आणि मोठ्या सामन्यात सगळं ओतायचं.

दादा सकाळी वहीच्या पानावर हुकूम लिहून द्यायचा. दुपारच्या सुटीत मी ते कॅफेत जाऊन भरायची. कॅफेवाला ओरडायचा, "दीदी, टाइम हो गया!" मग निकाल त्याच पानामागे लिहून संध्याकाळी घरी. आई म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकून राहिले बहीणभाऊ." पण दादा जेवताना बोलायला लागला होता, म्हणून तीही खूश होती.

त्याच सुमारास मामा आला. गोंदियात त्याचं मोबाइलचं दुकान होतं. "बाबू, काउंटरवर बस. बसूनच तं करायचं आहे," म्हणाला. दादाला भीती वाटायची. लोक पायाकडे पाहतील याची नाही, आपल्याला जमणार नाही याची. शेवटी म्हणाला, "मामा, ही लीग जिंकलो तं बसतो." मामा हसला. मी नाही हसले. दादा मस्करी करून राहिला नव्हता, हे मला कळत होतं.

आणि तरी मी माती खाल्ली.

झालं असं, की एका सामन्याला दादाने 'हलकेच' लिहिलं होतं. तसंच भरलं. बावीस गुणांनी हरलो. दादा म्हणाला, "हरूं दे, जोश वाढला ना?" पण मला वाटलं, त्याचा चेहरा पडला. पुढच्या वेळी कागदावर 'हलकेच' होतं आणि मी 'जीव तोडून' दाबलं. जिंकलो. घरी सांगितलं तर दादाने मांडीवर थाप मारली, "हलकेच खेळूनही जिंकले! संघच तसा हाय माझा." झालं. मला चटकच लागली. दर किरकोळ सामन्याला मी तेच करायची. संध्याकाळी तो विचारायचा, "जोश किती दाखवून राहिला?" मी म्हणायची, "मस्त आहे गा." स्क्रीनवर जोशाचा आकडा तळाला गेलेला मी डोळ्यांनी पाहून आलेली असायची.

दादासाठी केलं, दादासाठी केलं, असं मी किती वर्षं स्वतःला सांगितलं! खोटं आहे ते. हार घेऊन घरी यायला मलाच जमत नव्हतं. सायकल लावली की तो दारातून "काय झालं वो?" विचारायचा, तेव्हा 'जिंकलो' म्हणण्याचा मान मला हवा होता.

लीगच्या शेवटच्या, निकालाच्या सामन्याला दादाने 'जीव तोडून' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी मात्र मी अगदी कागदाबरहुकूम भरलं. पण संघात उरलं काय होतं? एकतीस गुणांनी धुतलं आम्हाला.

दादाने तो कागद उलटा केला, सुलटा केला. "जोश एवढा होता, तरी हरले," म्हणाला. "मंग माझंच चुकलं. मले समजतच नाही यातलं." मी तांदूळ निवडत होते. खाली मान घालून निवडतच राहिले. तोंड उघडायला तोच क्षण होता.

मामाला त्याने दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. "मले अंदाज येत नाही, मामा. तुमचं नुकसान करून बसीन." पुढे मामाने दुसरा माणूस ठेवला. दादाने संघ सोडला, पुन्हा कागद मागितला नाही. मी दोनतीनदा म्हटलं, "दुसरी लीग खेळू ना." तो म्हणाला, "कायले? तूच खेळ." आणि हळूहळू प्रत्येक गोष्टीत 'तूच सांग' सुरू झालं. डॉक्टर कोणता, शर्ट कोणता, पंखा लावायचा की नाही. लोक म्हणायचे, किती शांत स्वभाव! मी विषय बदलायची.

सहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी तिरोड्याला राहायला गेले. एकदा माहेरी आले असताना दारात भाजीवाली आली. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "भेंडी घेऊ का गवार? तूच सांग, बाई." माझ्याच्याने राहवेना. भाजीवालीसमोर, टोपली खाली ठेवलेली असताना, मी सगळं ओकले. कोणत्या सामन्याला काय दाबलं, जोशाचं काय सांगितलं, सगळं. रडत होते की ओरडत होते, मलाच ठाऊक नाही. भाजीवाली "अवो बाप्पा" म्हणून टोपली उचलून पुढच्या घरी गेली.

मला वाटलं, आता काठी भिरकावेल. भिरकावली असती तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "म्हणजे मी लिहिलं तसं तू भरलं असतं, तं जोश राहिला असता?"

"हो."

"मंग माझा अंदाज बरोबर होता?"

"बरोबर होता, दादा."

मग लहान लेकरानं विचारावं तसं त्यानं पुन्हा विचारलं, "खरंच बरोबर होता?"