दोन दिवसांची मुदत

यशवंतपूरच्या आमच्या कंपनीत सर्व्हर वाढत गेले तसं त्यांची नावं सांभाळायचं काम दोघांकडे आलं. एक मी आणि दुसरी निपाणीकडची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी सहकारी. आमच्या घराला बेंगळुरात कित्येक पिढ्या झालेल्या, त्यामुळे मी तिला कानडी सवयीनेच अक्का म्हणे. ती नोकरीत अजून कायम झाली नव्हती. म्हणूनच ती इतकं जपून काम करते, असं मी समजत असे.

यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात, माणसांना नावं लागतात. कोणत्या नावाचा कोणता पत्ता, याच्या आम्ही दोन याद्या ठेवत होतो. एक कंपनीतल्यांसाठी, दुसरी बाहेरच्या जगासाठी. एकाच मेल सर्व्हरचा आतला पत्ता वेगळा, बाहेरचा वेगळा. बाहेरच्या यंत्रांनी एकदा विचारलं की मिळालेलं उत्तर ती आम्ही ठरवलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे दोन दिवस, जपून ठेवत. तोवर पुन्हा विचारत नसत. म्हणून काही बदलायचं असलं की अक्का बजावायची, "आधी मुदत कमी कर की रे. चुकलंच तर लगेच निस्तरता येतंय." मग मी पत्ते मोठ्याने वाचायचे आणि तिने कागदावर खुणा करत ताडून बघायचे. मला हे सगळं सोवळं वाटे.

तिचे वडील आजारी पडले आणि ती गावी गेली. त्याच आठवड्यात मी एकट्याने बाहेरची यादी बदलली. मुदत कमी केली नाही, कुणाला वाचून दाखवलं नाही. मेल सर्व्हरच्या नावापुढे आतला पत्ता टाकून मोकळा झालो. चूक कळल्यावर ती सुधारायला एक मिनिट लागलं. पण तोवर ज्या यंत्रांनी विचारलं होतं, ती दोन दिवस चुकीचंच दार ठोठावत राहिली. परदेशातल्या गिऱ्हाइकाचे मेल अडकले. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे कुणाचं काम?

"याद्या अक्का बघते," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. गावी जाण्याआधी तीच हे करून गेली, असं साहेबांनी धरलं. त्या हुशारीची मला आजही शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी मेल यायला लागले. मी साहेबांकडे जाऊन कबूल केलं. तोवर गिऱ्हाइकाला तिचं नाव कळवून झालं होतं, तिला कायम करू नये असं पत्रही वर गेलं होतं. "सरी, होगी," ठीक आहे, जा, एवढंच कानडीत म्हणून त्यांनी मला घालवलं. त्यांच्याही वरच्या साहेबांकडे मी गेलो नाही.

अक्का परतल्यावर तिला मीच सगळं सांगितलं. तिने विचारलं, "यादी दुरुस्त झाली न्हवं?"

"झाली."

"मग बरं." खुणांचे कागद तिने माझ्या खणात ठेवले आणि महिनाअखेरीला ती नोकरीतून गेली.

दोनेक वर्षांनी मी दुसऱ्या कंपनीत होतो. आलेले अर्ज चाळताना माझा वरिष्ठ एकावर थांबला. "ही नको. तुझ्या जुन्या कंपनीचे मेल बंद पाडणारी हीच." त्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं, नाव फक्त ऐकलं होतं.

"ते मी केलं होतं," मी म्हणालो. "तिने नाही."

तो हसला. जुन्या सहकाऱ्यासाठी मी एवढं अंगावर घेतोय, याचं त्याला कौतुक वाटलं. तसं तो म्हणालाही. आणि अर्ज त्याने नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.