शापाच्या बारवेवरचे हात

नांदेडहून निघालेली एसटी वारंगा फाट्यावर बंद पडली आणि कळमनुरीत माझ्या मैत्रिणीच्या, कमलच्या, मुलाच्या लग्नाच्या अक्षता माझ्याविना पडल्या. कमलचा फोन आला, "आता इकडं नको येऊ. सरळ आमच्या गावी जा, आमी नवरी घेऊन निघूनच राहिलो." हॉटेलवाल्याला सिद्धेश्वर धरणाजवळच्या त्या गावाची जीप विचारली, तर तो चहा ओतता ओतता थांबला.

"त्या शापाच्या गावाला? एकट्याच?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गावात काढलेला भुताचा सिनेमा मीही मोबाईलवर पाहिला होता. फुकटात पाहूनही लुबाडल्यासारखं वाटलं होतं! हजार वर्षांचा शाप, बारव (पायऱ्यांची विहीर) आणि तिच्या भिंतीवर रक्ताचे हात. जेवढे हात, तेवढ्या बळी दिलेल्या सुना म्हणे. भुताच्या पायात रबरी चपला दिसत होत्या, एवढं दारिद्र्य. हसून सोडून दिला असता, पण ती बारव खरी आहे.

गावात अंगणोअंगणी शिजवलेली हळद वाळत पडली होती. कमलच्या शेजारी राहणाऱ्या रुबीनाभाभींनी वरणबट्टी वाढली आणि मला बारवेवर नेलं. नवी सून घराचा उंबरा ओलांडण्याआधी इथं हळदीचा हात उमटवते. रंग उडतो, म्हणून दरवर्षी नवी हळद घरात आली की प्रत्येक बाई आपल्या ठशावर पुन्हा हात ठेवते. बाई गेली की तिचा ठसाही हळूहळू जातो.

"माझा बी व्हता," भाभी म्हणाल्या. "देवाचा सिनेमा हाय म्हणून सांगून ते सिनेमावाले शिरले अन् समद्या भिंतीला लाल ऑइलपेंट फासून गेले. घासून घासून आमचे हात सोलले. हळद धरतच न्हाई त्याच्यावर."

तेवढ्यात वऱ्हाडाची गाडी बारवेपाशी आली. नवरी, नीता, बारवेत उतरू लागली, तर पाठराखीण (नवरीसोबत सासरी येणारी बाई) म्हणून आलेल्या तिच्या मावशीनं तिचं मनगट पकडलं.

"माझं लेकरू त्या पायरीवर पाय ठेवणार न्हाई. आमी पाह्यलंय समदं."

"काय पाहिलंत?" मी भडकलेच. "चपला घातलेलं भूत? शिकलेल्या दिसता, लाज वाटत नाही?"

नीता हुंदके देऊन रडायला लागली. कमल माझ्यावरच उखडली. "तू गप बस! भ्यालेल्या लेकराचा हात धरून कुणी हळद लावत असतं का?" आणि सुनेला तशीच घरी घेऊन गेली.

संध्याकाळी कमलनं पानाला हात लावला नाही. "माझ्या सासूपस्तोर चाललं. माझ्यापाशी तुटलं बघ," एवढंच म्हणाली. मला इतका संताप आला, की ते सिनेमावाले समोर असते तर त्यांच्याच रंगाच्या डब्यात त्यांना बुचकळून काढलं असतं.

सकाळी निघताना कमल वेशीपर्यंत सोडायला आली. बारवेतून खरवडल्याचा आवाज येत होता. डोकावलो, तर नीता एकटीच! पदर खोचलेला, हातात दगड.

"आत्याबाई," तिनं सासूला हाक मारली, "तुमचा हात कुठं व्हता?"

कमलनं बोट दाखवलं. नीतानं तिथंच खरवडायला घेतलं. भिंतीचा तळहाताएवढा दगड रंगातून मोकळा झाला तशी तिनं हळदीची वाटी पुढं केली. "आधी तुमचा."

"अन् काल भ्याली होतीस ती?" कमलनं विचारलं.

"भेव वाटून राहिलंय की," नीता म्हणाली. "रात्रभर झोपले न्हाई."

माझी जीप हॉर्न मारत होती. मी निघाले.

गाडीत राग धुमसतच होता, अजूनही आहे. दुसऱ्याच्या दारात भीती टाकून आपण निघून जायचं, शाप म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पुण्याला घरी पोचल्याचं सांगायला कमलला फोन लावला. पलीकडे बायकांचा नुसता कालवा.

"मागून बोल गं," ती ओरडली. "आमी समद्या बारवेवर हाव. हात हळदीनं भरलेत!"